अम्माचं गाणं, माझं नाव

मी, कादिर इस्माईल बुरोंडकर, वय छप्पन्न, मूळ गाव हर्णै, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार राबिघ, सौदी अरेबिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. रविवारी जेद्दाला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

गावचं घर आणि बचत यांची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी. त्यात मी लुडबुड करत नाही.

वेल्डिंगची हत्यारं माझा कामावरचा जोडीदार तल्हा याला द्यावीत. मेहुणा नबील याला काही देऊ नये, मागितलं तरी. भरल्या दावतीत "हेच ते फ्रान्सवाले कादिरभाई" म्हणून त्याने मला उभं केलं, तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं.

त्याचं कारण असं. तरुणपणी मी बोटीवर खलाशी होतो. बोट दुरुस्तीसाठी सँ-नाझेर या फ्रेंच बंदरात अडकली. तिथे सोलेन व्हायोलिन आणि तिचा भाऊ मातिस अकॉर्डियन घेऊन, रस्त्यावर टोपी मांडून त्यांच्या मुलखातली लोकगीतं वाजवत. मी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरू लागलो. एकदा थंडीत कोणी थांबेना, तेव्हा मी अम्माचं गाणं म्हटलं. अब्बा समुद्रावर असताना आम्हाला झोपवायला तिने स्वतः जोडलेलं. लोक थांबले.

बोट सुटली, मी निघालो. ती दोघं रस्त्यावरून जत्रांत, जत्रांतून मोठ्या सभागृहांत गेली. आज अख्खा फ्रान्स ते गाणं त्यांच्याबरोबर म्हणतो. पहिली सीडी निघताना सोलेनने फोनवर विचारलं, "गाणं तुझंच ना?" मी हो म्हणालो. 'आईचं' म्हणण्याइतकं फ्रेंच मला येत होतं. तेव्हापासून सगळीकडे छापतात : गीत, कादिर.

यंदा बकरी ईदनंतर गावातल्या लग्नात ते लाऊडस्पीकरवर वाजलं. पोरांनी अम्माला सांगितलं, हे कादिरचाचांचं. तिचा फोन आला. रागावली नव्हती.

"कादिर, ते गाणं तू कवा जोडलंस रे? माझंच हाय असं वाटायचं मला. आता डोकं नाय चालत."

"आवाज येत नाही, अम्मा," म्हणालो आणि फोन ठेवला.

म्हणून माझी मुलगी नूरैन हिने सोलेनला कळवावं की गाणं माझ्या अम्माचं, रईसाबी इस्माईल बुरोंडकर यांचं आहे. माझं नाव पुसावं. तिच्या नावाशेजारीही ठेवू नये.

नूरैन, या कागदाचा फोटो तुला आजच पाठवतोय; यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नकोस. दापोलीहून उद्याच हर्णैला जा. दादीजवळ बस. सांग, तुला सगळं नीट आठवतंय, तुझा मुलगा खोटं बोलला. मग तिला ते गाणं म्हणायला सांग, आणि मध्ये बोलू नकोस.

वाचून, समजून सही केली.
कादिर इस्माईल बुरोंडकर

आमच्यासमोर सही झाली :
१. शारीक अ. लतीफ मुकादम, सहकारी
२. उमामा शारीक मुकादम, शेजारीण

राबिघ, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५