जानराव पेंटरचा झ

३ नोव्हेंबर
गिरणीवाल्या झुंबरबाई दुकानात आल्या. "मले फ्लेक्स नको, पोरी. तुह्या बापाच्या अक्षराचा बोर्ड पाह्यजे." बाबांनी ब्रश ठेवून अकरा वर्षं झाली, त्यांना काय सांगू! आई गेली, त्याच वर्षी मी होस्टेल सोडून आले, खामगावात फ्लेक्सचं दुकान टाकलं. आणि जानराव पेंटर घरी बसले. गाव म्हणतं, लेकीनंच बापाच्या पोटावर पाय दिला. खोटं आहे, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

५ नोव्हेंबर
ठरलं. बाबांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. निदान कॉम्प्युटरवर तरी राहील. उभी दांडी जाड, काळीकुट्ट — तिला जोडणारी रेघ केसाएवढी बारीक — टोकाला छोटासा पाय. अर्ध्या रस्त्यावरून वाचता येतं!

दिवसभर आमच्या पिंपळगाव राजात फिरून जुन्या पत्र्याच्या बोर्डांचे फोटो काढले. विहार, रेशन दुकान, दवाखाना. भिंतींवरचं मात्र कामाचं नाही, सगळं एकाच जाडीचं. शिडीवर उभं राहून बाबा घाई करत असतील.

११ नोव्हेंबर
लहान आकारात छापून पाहिलं. बारीक रेघा दिसतच नाहीत! हे अक्षर मोठ्या बोर्डाचंच.

१४ नोव्हेंबर
सगळी अक्षरं मिळाली, झ नाही. नेमका झुंबरबाईंचाच! बाबांना म्हटलं, एवढं एकच काढून द्या.
"मले नाही जमत आता."
हात थरथरतो का?
"हाताले काय धाड भरली?"
मग काऊन नाही? त्यांनी ताट पुढे ओढलं. माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानाचा राग अजून किती वर्षं धरणार — बोलून गेले. ते चप्पल घालून बाहेर निघाले, भाकर तशीच ताटात. मी चुलीजवळ बसून रडले.

१५ नोव्हेंबर
अबोला.

१६ नोव्हेंबर
सकाळी ओट्यावर पत्र्याचा तुकडा. त्यावर झ! ओला होता अजून. दांडी तीच, धार तीच. पण जाड तुकडे नुसते सुटे सुटे पडलेले. जोडणारी बारीक रेघ एकही नाही. म्हणजे हात गेलाच की त्यांचा. आणि मी काय काय बोलले!

१७ नोव्हेंबर
माफी मागायला गेले. बाबा पत्र्याकडेच पाहत होते. "बारीक रेघ तुही माय मारे. घरात, दार लावून. बाईनं बोर्ड रंगवला तर लोक हासतीन, मनून खाली नाव माहंच टाकलं."

सुट्टीत घरी आले की आई मोरीवर ब्रश धुताना दिसायची. मला वाटायचं, ती तेवढंच करते.