व्याहीभेटीला तुम्ही नव्हता

आबा, काल मिरजेला माझ्या डाव्या डोळ्यात सहावं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला बसल्या जागी दिसतं. सरहद्दीवरच्या बर्फात वर्षं काढलेला हवालदार, पण गावात लस टोचायला नर्स आली की गोठ्यामागं जाऊन बसायचा. मी तुमचाच. पहिल्या वेळी तिथल्या खुर्चीचे हात असे घट्ट धरले होते की नर्सबाई म्हणाल्या, "काका, खुर्ची कुठं पळून जात न्हाई." डोळा बधिर करतात, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवतात, "वर बघा" म्हणतात, आणि आपण वर बघेपर्यंत संपलेलं असतं. दिवसभर नजरेसमोर एक काळा बुडबुडा हलत राहतो. घरी आल्यावर तुमची सून माझ्यापुढे ताट वाढते आणि मी भाकरीऐवजी ताटाच्या कडेला हात घालतो, मग ती हसते, मग मीही हसतो.

डॉक्टरीणबाई तुमच्या धाकट्या लेकीच्या पोरीएवढ्या असतील. फार गोड समजावून सांगतात. डोळ्याच्या मागच्या पडद्याला पाहणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्या पाठीशी दुसऱ्या पेशींचा एक पातळ थर. पाहणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं, त्यांचा कचरा उचलायचा, हे त्या थराचं काम. वय झालं की कचरा साठत जातो, थराला प्राणवायू पुरेनासा होतो. मग तो वाढीचं एक रसायन जास्तच सोडायला लागतो, जणू म्हणतो की इकडं रक्त कमी पडतंय, नवी वाट काढा. आणि नवी रक्तवाहिनी फुटते, पण कच्ची आणि भलत्या जागी. ती पाझरते, पडदा फुगतो, आणि बरोबर मधल्या जागेच्या पेशी मरायला लागतात. कडेचं सगळं शाबूत राहतं. जातं ते समोरचं. मी विचारलं, "म्हंजे ते रसायन इखार हाय व्हय?" त्या म्हणाल्या, "नाही काका, थोडं लागतंच. त्याच्यावरच त्या पेशी तग धरून असतात. जास्त झालं की घात." इंजेक्शनातलं औषध हे जास्तीचं रसायन पकडून ठेवतं. काही आठवड्यांनी जोर ओसरतो, की पुन्हा टोचायचं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखता येतं, तेही वेळेवर गेलं तर.

मी त्यांना आपल्या द्राक्षबागेची गोष्ट सांगितली. तुम्ही माझ्यावर बाग सोपवली त्या पहिल्याच वर्षी मी घडांना वाढीच्या औषधाचं पाणी दुप्पट करून दिलं होतं. मणी लांबलचक झाले, मी कुंडल गावभर मिरवलो, आणि तोडणीच्या दिवशी देठ लाकडासारखे कडक, मणी क्रेटमध्ये पडायच्या आधीच गळायला लागले. तुम्ही एक घड उचललात, नाकाजवळ नेलात, आणि एवढंच म्हणालात, "येलीनं मागितलं व्हतं व्हय रं एवढं?" त्याहून जास्त तुम्ही मला कधी रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमची छाटणीची कात्री माझ्या उशाशी ठेवलेली होती, धार लावून. डॉक्टरीणबाईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, आता दुसऱ्या पेशंटनाही असंच सांगेन.

त्यांना जे सांगितलं नाही ते तुम्हांला सांगायचं आहे. तुम्हांला ते ठाऊकच आहे म्हणा.

तुम्ही बोलताना माणसाच्या कानाकडं बघायला लागला होतात. गावात कुणी रामराम घातला तर मान दुसरीकडं. लोक म्हणायचे, हवालदार पेन्शनीच्या मिजाशीत आहे. बांधावर मैना बसली तर तुम्हांला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायची, दगड अचूक जायचा, मग समोर उभा माणूस दिसत नाही असं कोण म्हणेल? थोरलीच्या लग्नात व्याहीभेटीला तिचे सासरे हार घेऊन, हात पसरून पुढं आले, आणि तुम्ही मांडवाच्या खांबाकडं बघत उभे. एक क्षण, दोन क्षण. त्यांचे पाहुणे आपसांत कुजबुजले. शेवटी त्यांनीच तुम्हांला मिठी मारली. संध्याकाळी मी तुमच्यावर तोंड टाकलं, "माणसाला मान द्यायला काय जातं तुमचं?" तुम्ही म्हणालात, "चुकलं रं." मला वाटलं, बरी जिरवली.

पुढच्या छाटणीला मी तुमच्या मागच्या ओळीत होतो. तुम्ही काडीवर अंगठा फिरवत होता, फुटव्याचे डोळे चाचपून मोजत होता आणि मग कापत होता. एकही काप चुकलेला नव्हता. पण बघत मात्र होता आभाळाकडं. मी तुम्हांला सांगलीला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, पडदा मधोमध गेलाय, वयामुळं होतं, इलाज नाही. तेव्हा हे इंजेक्शन निघालेलंच नव्हतं. येताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता. पलूस मागं पडल्यावर म्हणालात, "कुणाला बोलू नगं. धाकटीचं जमायचं हाय. त्या घरात आंधळेपण हाय म्हणतील." मी व्हय म्हटलं.

धाकटीनं स्वतःच जमवलं. मुलगा फलटणकडचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तुम्हांला फौजेतला जावई हवा होता, पण ती हट्टाला पेटली आणि तुम्ही दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी होकार दिलात. लग्नाच्या सकाळी मी ठरवलं, व्याहीभेटीला धाकट्या चुलत्यांना उभं करायचं. थोरलीच्या वेळचं पुन्हा नको. तुम्हांला सांगितलं, "आबा, तुमी कोठीवर बसा, नारळ कमी पडाय नकोत." तुम्ही "बरं" म्हणालात. फेटा बांधून तयार होता, तो काढून खुंटीला अडकवलात. बाहेर बँड वाजत होता आणि तुम्ही कोठीत पोत्यावर बसून नारळ हातात घेऊन, हलवून, चांगला तेवढा पुढं देत होता. मी दारातून एकदा बघितलं. चाहूल लागताच तुम्ही विचारलंत, "झाली का रं भेट?"

हे सगळं धाकटीसाठी केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तिच्यासाठी करायचं असतं तर तुमचा हात धरून पुढं नेलं असतं, तुमच्या कानात "समोर आलेत" एवढं म्हटलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. मला तुमची लाज वाटली होती, आबा. चारचौघांत माझं हसं होईल याची भीती होती.

त्याच साली तुम्ही गेलात. धाकटीच्या मनात मात्र एकच बसलं, की आबांना तिचं लग्न पसंत नव्हतं. दोन वर्षांमागं राखीला आली तेव्हा तुमच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "वाटं लावताना आबांनी डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई. तोंड फिरवलं." मी चहा पीत राहिलो.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आज माहीत आहे. आमची नात पायरीवर बसून अभ्यास करते. तिच्याकडं सरळ बघितलं तर चेहऱ्याच्या जागी एक मळकट ठिपका असतो. उजव्यानं थोडं भागतं, पण तोही आता कुरकुरतो. मग मी मान थोडी बाजूला वळवतो, जिन्याच्या कठड्याकडं बघितल्यासारखं करतो, आणि कडेनं तिचं नाक, तिची वेणी, सगळं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे पेशंट असंच शिकतात, कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी तुम्ही तोंड फिरवलंत, कारण त्याशिवाय तुमची लेक तुम्हांला दिसत नव्हती. तुम्ही तिला डोळे भरून बघत होता, आबा. ती रडत गाडीत बसली आणि तिला हे कुणीच सांगितलं नाही. सांगू शकणारा एकटा मी होतो.

परवा तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "दादा, आमच्या सैपाकघरातल्या फरशीच्या रेघा मला मधी वाकड्या दिसाय लागल्यात. चष्म्याचा नंबर वाढला असंल, दिवाळीनंतर बघू." माझंही तसंच सुरू झालं होतं, बागेची तार मधेच वाकलेली दिसायची. काल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घराण्यात असेल तर दिवाळीची वाट बघू नका, या आठवड्यात आणा. आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना होतं का?" मी पहिल्यांदा कुणापुढं तरी व्हय म्हटलं.

घरी येऊन तुमच्या सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवं, दवाखान्यात तिला इचारतीलच, वडलांना व्हतं का म्हणून. ते कागदावर कळायच्या आदी तुमच्या तोंडून कळू द्या." थोरलीला फोन करून औंधहून बोलावलंय, तिचीही तपासणी होऊन जाईल. धाकटीला आणायला मी उद्या पहाटे पोराला घेऊन फलटणला निघतोय. येताना गाडीत तीन-साडेतीन तास मिळतात. तुमचा फेटा पेटीत होता, तो बरोबर घेतलाय. का घेतला ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

तिच्यापुढं जीभ वळेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं लिहून तिच्या हातात द्यावं असं ठरवून सकाळी वही उघडली. तिला लिहायला बसलो होतो, आबा. तिच्या नावाच्या जागी तुमचं लिहिलं गेलं, आणि ते खोडायचं धाडस झालं नाही.