नऊ तासांचं विमान

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी सुखरूप पोचलो. खोली उबदार आहे, कामही झेपण्यासारखं आहे.

विमानाला नऊ तास लागतात, एवढंच तुला सांगितलं होतं. मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानासाठी जवळजवळ तेवढंच थांबावं लागतं, हे सांगायचं राहिलं. काल वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं विमान सासूबाईंनी देवापुढे बसून उतरवलं. तुमचा फोन येईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही." खरं आहे त्यांचं. तुझ्याच पुण्याईने हजारो मैल पार झाले. मला मात्र वाटेत दोनदा जेवण मिळालं.

तुझी चक्कर थांबली का?

परत येताना, तू जेवलीस असं वहिनींनी सांगितल्यावरच मी विमानात पाय ठेवीन.

तुझा,
धाकटा