शनीवरून आलेला फोन

वारजे, पुणे
१ जुलै १९९८

ती. श्रीधरमामांस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

कंपनीचं काम उरकल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर एक विज्ञानकथा लिहिली. सोबत पाठवते. दिवाळी अंकाच्या स्पर्धेची मुदत महिनाअखेरची आहे. शनीभोवती फिरणाऱ्या तळावर राहणारी आई पुण्यातल्या मुलीला फोन करते, एवढीच गोष्ट. तुम्ही अकोल्यात तेहतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंत, तेव्हा चुका निर्दयपणे काढा. इथल्या मैत्रिणी नुसतं मस्त म्हणतात. एक तर न वाचताच म्हणाली.

लोभ आहेच, तो लाल शाईतूनही दिसू द्यावा.
आपली उत्कर्षा


अकोला
८ जुलै १९९८

चि. उत्कर्षास,
अ. उ. आ.

गोष्ट दोनदा वाचली. शनीवरून आवाज यायला सव्वा तास तरी लागतो. तुझ्या गोष्टीतली आई लगेच उत्तर देते. रेडिओलहरी काय तुझ्या ओळखीच्या आहेत? सव्वा तास घाल आणि मग पाठव. तळावर मेथी पिकते ते मान्य. आमच्या परसात येत नाही, तिथे येत असेल.

रागावलीस तरी पत्र टाकावं.
तुझा मामा


वारजे, पुणे
१४ जुलै १९९८

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सव्वा तास मला माहीत होता. घालूनही पाहिला. आईचं उत्तर येतं तेव्हा मुलगी ऑफिसला निघून गेलेली असते. मामा, ते मला लिहवत नाही. आईचा शेवटचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नंतर करते असा निरोप दिला. संध्याकाळी ती गेल्याचा तुमचा फोन आला. निदान गोष्टीत तरी मला तिच्याशी लगेच बोलायचं आहे. पण असं शास्त्र वाचून कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही कळतं. काय करू ते सांगा.

तुमच्या लोभावरच विसंबून आहे.
उत्कर्षा


अकोला
२० जुलै १९९८

चि. उत्कर्षास,
अ. उ. आ.

सव्वा तास काढून टाक. या फोनला वेळ लागत नाही, असं पहिल्याच ओळीत सरळ सांग आणि पुढे त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. माझ्यासारखा मास्तर एक अशक्य गोष्ट चालवून घेतो. दुसरी नाही.

दुसरी अशी, की तुझ्या गोष्टीतली आई शनीवरून हळू आवाजात बोलते. तुझी खरी आई, आमची गोदाताई, माझ्या घरातून तुला फोन करायची, तेव्हा पुणे लांब म्हणून ओरडायची. शेजारच्या सोजरबाईंना तुझी नोकरी तोंडपाठ आहे. ती बाई शनीवरून कुजबुजेल, हे मला पटणं शक्य नाही. खरं तर हे आधीच्याच पत्रात लिहायचं होतं. धीर झाला नाही.

काल तिची वाक्यं तिच्यासारखी ओरडून वाचून पाहिली. सोजरबाई कुंपणापाशी आल्या आणि उत्कर्षा बरी आहे ना, असं विचारून गेल्या. मी हो म्हटलं. खरं असेल तर तसं कळव.

लोभ होता तसाच आहे.
तुझा मामा