कुरुताची पिशवी

आतबाशी, २ नोव्हेंबर १९९८

चि. अनारकान हिला तुझ्या एजेचे, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि त्याच पाकिटातून थोडा राग.

इकडे मेंढ्या बऱ्या आहेत, माझे गुडघे नाहीत. ओमुर ट्रक घेऊन बिश्केकला निघालाय आणि बाहेर हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत लिहिते. माझा मुलगा तुझ्या घरी ठेवलाय आणि तू मला एक ओळ धाडत नाहीस? तालायने त्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा फोटो धाडला. अंगावर एवढीशी चड्डी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळलेला, वर तेल चोपडलेलं. शेजारची सायकाल म्हणाली, शर्यतीचा घोडा दिसतो. मी म्हटलं, शर्यत संपली की घोड्याला चारतात, तू तुझं तोंड आवर.

तो लिहितो, पुढची स्पर्धा उन्हाळ्यात, तोवर हिवाळाभर अंग भरायचं. त्याचा कोच गेनादी म्हणे सांगतो, भुकेपेक्षा थोडंच जास्त खा, दिवसभरात थोडं थोडं खा, मांस हळूहळू चढू दे. हळूहळू हा शब्द त्या पोराला लहानपणापासून कळत नाही. अंगाला मांस धरायला पावडरचा डबा लागतो म्हणे, आणि तो फार महाग. डबा कशाला? दही वाळवूनच कुरुत करतो ना आपण? त्यात ताकद नाही तर कशात आहे? मोठी पिशवी भरून गोळे धाडलेत. पाण्यात चुरून पाज. घोड्याच्या बरगडीचं मांसही आहे, ते तू खाऊन टाकू नकोस.

निघताना त्याने चावलेली रोटी चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली आहे. ती वाट बघते म्हणून माणूस परततो, परत येऊन ती त्यानेच संपवायची. उंदरांवर माझं लक्ष आहे.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण तो कागदावर उतरू दे.

तुझी एजे,
बुरुल


बिश्केक, ३० नोव्हेंबर १९९८

ती. एजेला अनारकानचा सलाम, आणि दोन्ही कान पकडले आहेत असं समज.

तुझा मुलगा माझ्या पडद्यांखेरीज सगळं खातो. सकाळी अंडी आणि कुट्टूची खीर, मग मटण, मग पुन्हा अंडी. गेनादी घरी येऊन गेला. भाज्या, फळंही खा, घाई करू नकोस, असं सांगून गेला. तालायने मान डोलावली आणि तो गेल्यावर वाडगाभर कुरुत प्यायला. तुझे गोळे त्याला फारच आवडलेत. पाण्याऐवजी तेच पितो, बाटलीत भरून व्यायामशाळेतही नेतो.

आणि एजे, काय अंग भरलंय! वजनकाटा रोज पुढे जातो. गाल असे गोल झालेत की मी त्याला नवरदेव म्हणून चिडवते. सकाळी डोळे उघडत नाहीत, तर मी म्हणते, पापण्यांनाही व्यायाम दिलास वाटतं. परवा बूट चढेनात. तो म्हणाला, मावशी, माझ्या पावलांनाही स्नायू आलेत. हसून हसून माझा चहा सांडला.

काळजी करू नकोस. तुझं पोर माझ्याकडे फुलतंय. माया आहे तशीच ठेव, आणि अजून कुरुत धाड.

तुझी अनारकान


आतबाशी, ८ डिसेंबर १९९८

अनारकान,

आशीर्वाद नंतर. आधी हे कर.

त्याला खुर्चीवर बसव, पँट वर करायला लाव आणि नडगीवर अंगठा जोरात दाब. अंगठा काढल्यावर खड्डा राहतो का बघ. खड्डा राहिला तर ते मांस नाही, पाणी आहे. तालायच्या बापाचं, सातारचं असंच झालं होतं. तू तेव्हा शिकायला शहरात होतीस, तू पाहिलं नाहीस. आधी डोळे सुजले, मग बूट चढेनात. आम्ही सगळे म्हणत होतो, हिवाळ्यात बाप्या गुटगुटीत झाला. शेवटी ते बूट मी सुरीने कापून काढले, आणि त्याच बुटांशेजारी त्याला मातीला नेण्याआधी धुतलं. तू हसतेस! चहा सांडतेस!

सायकाल सांगते, शहरातल्या तालमींत पोरांना सुया टोचून फुगवतात. त्या गेनादीने माझ्या पोराला काही टोचलं असेल तर मी येऊन त्याचे हात मोडीन, असं त्याला सांग. नको, सांगू नकोस, तो घाबरून खोटं बोलेल. तू तालायची पिशवी तपास. गाद्या उलट्या कर. लाजू नकोस.

घाट बर्फाने बंद आहे. हे पत्र ओमुरचा भाऊ घोड्यावरून पलीकडच्या ट्रकपर्यंत नेतोय. मला येता येत नाही. रोज रोटीकडे बघते. काल ती खुंटीवरून पडली होती, मी दोन गाठी मारून पुन्हा टांगली. वाऱ्याने पडली असणार. वाऱ्यानेच.

उत्तर धाड. लोभबिभ मग बघू.

बुरुल


बिश्केक, १५ डिसेंबर १९९८

ती. एजे,

तुझं पत्र वाचलं आणि त्याची पँट वर केली. खड्डा पडला. कणकेत बोट घातल्यासारखा, आणि तसाच राहिला. मला तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नाही.

त्याची पिशवी तपासली. तो भडकला, मावशी तू पोलिसात कधी लागलीस म्हणाला. सुई सापडली नाही, काही काही सापडलं नाही. त्याला ओढतच इस्पितळात नेलं. डॉक्टरीण बाई म्हाताऱ्या, कडक. काय काय खातोस सांग म्हणाल्या. अंडी, मटण सांगेपर्यंत लिहीत होत्या. कुरुताचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. विचारलं, किती? तो म्हणाला, बाटली रिकामी झाली की पुन्हा भरतो. बाई म्हणाल्या, पोरा, हा मिठाचा दगड विरघळवून पितोयस. रक्तदाब म्हाताऱ्यासारखा चढलाय. मूत्रपिंडं मुळातच कमजोर आहेत, बहुतेक बापाकडून आलेली. त्यात वर हे मीठ आणि इतकं मांस.

दाखल करून घेतलंय. गेनादी बाहेर टोपी हातात धरून बसला होता. बाटलीत दूध आहे असं त्याला वाटायचं. वेळ गेली का, असं मी बाईंना विचारलं. बघू, म्हणाल्या.

एजे, मला रागाव, पण आधी त्याच्यासाठी दुआ कर.

अनारकान


बिश्केक, ४ जानेवारी १९९९

ती. आपास तुझ्या लेकाचा, तालायचा सलाम.

मी जिवंत आहे, त्यामुळे रडणं थांबव. मावशी सांगते की कुरुत तू धाडलंस म्हणून तू स्वतःला शिव्या देतेस. वाडगा माझ्या हातात होता, आपा. गेनादी हळूहळू म्हणत होता, मला उन्हाळ्याआधी डोंगर व्हायचं होतं.

पाणी उतरलंय. चढलेलं वजन सगळं गेलं, म्हणजे मांस त्यात फारसं नव्हतंच. मूत्रपिंडं काम करताहेत, पण आता जन्मभर जपायची. बाई म्हणतात, व्यायाम कर, हलका. मटण मोजून, मीठ जवळजवळ नाही. उन्हाळ्याची स्पर्धा विसर म्हणाल्या. ते मी अजून विसरलो नाही, पण तुझ्यापासून लपवत नाही, एवढं खरं.

घाट उघडला की ओमुरबरोबर येतो. माझी रोटी ठेव.

तुझा,
तालाय


आतबाशी, २१ जानेवारी १९९९

चि. अनारकान हिला आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

आला. घाट दोन दिवस उघडला, तेवढ्यात. ट्रकमधून उतरला तर त्या फोटोतल्यासारखाच वाळलेला. गळ्यात पडायला आला, मी म्हटलं, आधी बस. दारातच ओट्यावर बसवलं, बूट काढला, अंगठा दाबला. ओमुर बघत राहिला, त्याला वाटलं असेल ही बाई वेडी झाली. खड्डा पडला. मी मोजत बसले. मग तो हळूहळू भरत आला. हळूहळूच, पण भरला. मग मी त्याला मिठी मारली आणि त्याच्या कानाखाली एक दिली.

घरात आता कोणीच मीठ खात नाही. सायकालने रस्सा चाखला आणि विचारलं, हे भांडी विसळलेलं पाणी का? तिला घालवून दिलं. घरात उरलेली कुरुताची पिशवी तिलाच दिली, तिला काही होत नाही.

मग त्याने रोटी मागितली. खुंटीवरून काढली, दगड झाली होती. तो दात लावणार तेवढ्यात मला आठवलं, कणीक मळताना मीठ मीच घातलं होतं. ओंजळीने. मी ती हातातून हिसकावली. तो हसायला लागला, म्हणाला, आपा, एवढ्याशा मिठाने काय होतंय. मी म्हटलं, एवढंसं एवढंसं करूनच पिशवी संपली होती. पण चावलेली रोटी मालकाने न संपवता ठेवायची, तेही मला धजवेना. मग जिथे त्याचे दात उमटलेत तिथला नखाएवढा तुकडा त्याला दिला. बाकीची चहात बुडवून मी खाल्ली, त्याच्यासमोर, शेवटच्या कणापर्यंत. ते मीठ कोणाच्या अंगात जायचंच असेल तर माझ्या जाऊ दे.

रोज सकाळी तो झोपेत असताना नडगी दाबून बघते. त्याला माहीत आहे. डोळे मिटून पडून राहतो.

इकडे ये. रस्सा फिक्का आहे, लोभ फिक्का नाही.

तुझी एजे,
बुरुल