पत्रा कोणी धरला होता

त्या दिवशीही सकाळी मी आधी पाणी भरले. भांडी घासून पालथी घातली, ह्यांची दाढी करून दिली, चादरी पिळून दोरीवर टाकल्या आणि मागच्या शेडचे कुलूप काढले. यंत्राच्या दोन्ही रोलरांवरून तेलाची चिंधी फिरवली. जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा आदल्या दिवशीच कापून, खडूने आखून ठेवला होता. हे हँडलपाशी स्टुलावर बसले, मी पत्रा धरला. "चल," मी म्हणाले. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. आम्ही मुकाट्याने जागा बदलल्या. गिऱ्हाईक आत आले तेव्हा पत्रा ह्यांच्या हातात होता आणि हँडल माझ्या.

चार वर्षे आम्ही अशा जागा बदलत होतो. ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, म्हणून मृत्युपत्र इथूनच सुरू करते.

मी, पत्राकाम करणाऱ्याची विधवा आणि स्वतःही पत्राकाम करणारी, वय एकोणसत्तर, हे स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे तपासून लिहून दिले आहे. धाकट्या दिरांचे मत वेगळे आहे, ते त्यांनी स्वतःपाशी ठेवावे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलणारे कोणी उरलेलेही नाही. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पुढचे सगळे ग्रंथालयातून. कायद्याचे पुस्तक तीनदा वाचून लिहिते आहे, तेव्हा चुका काढत बसू नये.

कलम एक. राहते घर, शेडची जागा आणि बँकेत जे असेल ते मुलाला. तो मला फोनवर म्हणाला, "आई, ते सगळं भंगारात काढ ना. शेड मोकळी झाली की गाडी लावता येईल."

"कोणाची गाडी?"

"मी येईन तेव्हा माझी."

"तू येशील तेव्हा रस्त्यावर लाव," मी म्हटले. अजून आलेला नाही. येईल तेव्हा मी नसेन, त्यामुळे खुशाल आत लावावी.

कलम दोन. रोलरचे यंत्र, सगळ्या कात्र्या आणि लाकडी हातोडे. या कलमाबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

हे दिवसा बसच्या कारखान्यात होते. संध्याकाळी आणि रविवारी आमचा जोडधंदा: जुन्या गाड्यांचे तळ, दारांचे आतले पत्रे, इंधनाच्या टाक्या, बाजारात मिळत नाही ते बनवून द्यायचे. पातळ पत्रा लवचतो. यंत्राच्या दोन रोलरांमधून तो सरकवला की बोटाएवढी उठावाची रेघ उमटते आणि पत्रा ताठ होतो. एकाने हँडल फिरवायचे, दुसऱ्याने पत्रा धरून रेघ चालवायची. रेघा नेहमी मधून सुरू करून कडेकडे न्यायच्या. उलट केले तर पत्र्याचा ताण मध्ये कोंडतो आणि तो परातीसारखा फुगतो. मग काही केल्या बसत नाही.

अठरा वर्षे हँडल माझ्याकडे होते. मग ह्यांचे हात थरथरू लागले. "लोकांना कळलं तर कोण काम देईल?" हे म्हणाले. तेव्हापासून पत्रा मी धरला. शेवटच्या चार वर्षांत आमच्या शेडमधून जे काही बाहेर पडले त्याची प्रत्येक रेघ माझी आहे.

त्या सकाळी गिऱ्हाइकाबरोबर धाकटे दीर होते. त्यांचे सुट्या भागांचे दुकान आहे, जीभ त्याहून मोठी आहे. ह्यांचा हात पत्र्यावर हलताना त्यांनी पाहिला. "दादा, सरक. आज मी करतो, साहेबांना बघू दे," म्हणत पत्रा घेतला आणि थेट कडेलाच लावला.

मी हँडल थांबवले. "भाऊजी, मधून घ्या."

"वहिनी, तुम्ही हँडल फिरवा."

फिरवले. चौथ्या रेघेला पत्रा फुगला. गिऱ्हाइकाने अंगठ्याने दाबला तर टण्‌ करून आत गेला आणि टण्‌ करून बाहेर आला.

"वहिनींनी मध्येच हात थांबवला ना," दीर हसत म्हणाले. "बायकांना यंत्राचं कुठं कळतंय!"

मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी पत्र्याकडे पाहिले. "होतं कधी कधी," हे म्हणाले.

नवा पत्रा मी दोन दिवसांत करून दिला. गिऱ्हाइकाकडे तो दिरांनी पोचवला आणि नाव त्यांचे झाले. आता त्यांच्या दुकानावर पाटी आहे, तिच्यावर ह्यांचा फोटो, खाली "दोघा भावांचे पत्राकाम".

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. "होतं कधी कधी" या तीन शब्दांची मी ह्यांना माफी दिलेली नाही. रोज सकाळी दोन कप मांडते आणि एक परत ठेवते, ती वेगळी बाब.

गेल्या आठवड्यात दीर आले. "वहिनी, पुढच्या रविवारी यंत्र घेऊन जातो. दादाची कला घरात राहील."

"आणि मी?"

"तुम्ही काय, हँडल फिरवायचात."

तर यंत्र धाकट्या जावेला, म्हणजे त्यांच्याच बायकोला. ती तीस वर्षे लोकांचे कपडे शिवते. ह्यांच्या आजारपणात मदतीला यायची, तेव्हा एकदा तिच्या हातात पत्र्याचा तुकडा दिला. पहिलीच रेघ सुतासारखी आली. "ताई, हे तर कापडासारखंच आहे. ओढायचं नाही, नुसतं वळवायचं." नवऱ्याला उभ्या जन्मात उमगले नाही ते हिला एका रेघेत कळले. अट एकच: पत्रा तिने धरायचा. दिरांना हौस असेल तर त्यांनी हँडल फिरवावे आणि ती "बस" म्हणेल तिथे थांबावे. माझा उजवा खांदा आता वर जात नाही, नाहीतर पत्रा मीच आणखी दहा वर्षे धरला असता.

कलम तीन. धाकट्या दिरांना तो फुगलेला पत्रा. मी जपून ठेवला आहे. त्यांच्याच हातचा आहे, पाटीशेजारी लावावा.

कलम चार. पुस्तके ग्रंथालयाला. कडेला पेन्सिलीने मी जे लिहिले आहे ते खोडू नये. काही ठिकाणी लेखकापेक्षा माझे बरोबर आहे.

कलम पाच. ह्यांचा चामड्याचा एप्रन कोणालाही नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. दिरांना साक्षीला बसवायची माझी फार इच्छा होती, पण नवरा साक्षीदार झाला तर बायकोला दिलेले बाद होते, असे पुस्तकात आहे.

लिहून ठेवणार: पत्राकाम करणारी (सही)
साक्षीदार: १. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही) २. गल्लीतला गाड्या रंगवणारा पेंटर (सही)
स्थळ: शेडमधले कामाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सोमवार

पुरवणी, १५ मार्च. सह्या झाल्यावर लक्षात आले की मी मरायच्या आधी रविवार येईल. म्हणून आज सकाळी पाना घेऊन यंत्राचे बोल्ट सोडवले, टेम्पो बोलावला आणि यंत्र जावेच्या शिवणाच्या खोलीत नेले. दार दिरांनी उघडले. यंत्र जड आहे, म्हणून एक बाजू त्यांना धरायला सांगितली.