कुंदननं पत्ते काहून दाखवले

प्रिय कुंदन,

अन् खरं सांगू का, ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द तू काल फोनवर चौथ्यांदा म्हणला तेव्हाच मी ‘नेटवर्क जाऊन राहिलं’ म्हणून फोन ठेवला. नेटवर्क मस्त होतं. तुहा फोन स्पीकरवर होता, मागं तुही आई, केशवकाका अन् अर्धं वरूड ऐकून राहिलं होतं, अन् मले जे बोलायचं होतं ते अर्ध्या वरूडसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. हसू नको. माह्या अमरावतीच्या इंग्लिश मीडियमवाल्या शाळेनं पत्र शिकवलं ते फक्त प्रिन्सिपलले सुट्टी मागायचं, तेही इंग्लिशमध्ये. म्हणून मी जशी बोलते तशीच लिहून राहिली.

तुले माहीत आहे, डेक्कन पोकर टूर, दरवर्षीची ती पत्त्यांची स्पर्धा, माह्यासाठी काय आहे. इथं अकोल्याच्या हॉस्टेलमध्ये पोट्ट्या क्रिकेटवाल्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, मी टूरचे चॅम्पियन लक्षात ठेवते. पहिल्या वर्षीचे हैदराबादचे सुब्बाराव, दातांचे डॉक्टर. पूर्ण फायनलभर ‘पाणी द्या’ सोडून एक शब्द बोलले नाहीत. मग कोलकात्याच्या मौसुमीबाई, रिटायर शाळामास्तरीण. टेबलावर बसून स्वेटर विणायच्या अन् चांगले पत्ते आले की सुया खाली ठेवायच्या. सगळ्यांनी ते ओळखलं, सुया खाली गेल्या की बाकीचे पत्ते टाकून मोकळे. मग फायनलमध्ये हातात काही नसताना बाईनं सुया खाली ठेवल्या अन् टेबल साफ केला! हे सांगताना आजही माह्या अंगावर काटा येते. तिसरा चेन्नईचा अरविंदन, बुद्धिबळवाला. चौथा लुधियान्याचा हरजोत, ट्रॅक्टरचे पार्ट विकते, त्याचा फोटो माह्या कपाटाच्या दरवाज्याले आतून चिकटवलेला आहे. ह्या चौघांवर मी माह्या इन्स्टाच्या पेजवर एवढं लिहिलं, की सुब्बारावच्या मुलीनं मले मेसेज केला, ‘पप्पांनी हे घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.’ अन् आता पाचवा, वरूडचा कुंदन. हे पाचवं नाव टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्याली.

मी जळते तुह्यावर. लिहून टाकलं एकदाचं. खूप जळते. जेवताना जळते, क्लासमध्ये जळते, बसस्टँडवर संत्री दिसली तरी जळते.

कारण सुरुवात कोठून झाली हे मले माहीत आहे ना. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे वरूडले यायची, तुह्या घरामागंच मामाचं घर. संत्र्याचा हंगाम जोरात असायचा. तुमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये माल भरून तयार अन् ट्रकचा पत्ता नाही, की शेड सांभाळणारे केशवकाका एक क्रेट उलटा करायचे अन् खिशातून पत्ते निघायचे. तीन पत्ती, पण पैशाऐवजी तुरीचे दाणे. हरला तो सगळ्यांचा चहा करायचा. अन् काकाचा एकच कायदा होता, तो त्या शेडबाहेर जगात कुठंच नसन. समोरच्यानं घाबरून पत्ते टाकले अन् तू जिंकला, तर तुहे पत्ते उघडे करून दाखवायचेच. कोणी लपवले की काका ओरडायचे, “जिंकला ना बे? मंग दाखव! उद्या याच माणसासंग क्रेट उचलाचे हायेत तुले. त्यानं काय दिवसभर इचारच करत ऱ्हावं का, का यानं मले फसवलं म्हणून?” अन् पत्ते उघडल्यावर फसवणूक निघाली की संत्री गुंडाळणारी गंगूबाई टाळ्या पिटायची, “पाय वो बाई, काहीच नोयतं मेल्यापाशी!” मग फसलेलाच सगळ्यात जास्त हसायचा. तुही तर हौसच होती ती. जिंकण्यापेक्षा तुले पत्ते उलटे करून दाखवण्यात मजा यायची.

पोकर मात्र मी आणला तिथं. मोबाईलवर पाहून पाहून मी शिकली, मग तुले शिकवलं. दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांसाठी मधात, अन् बाकी सगळं काळजाचं काम. कोणता पत्ता यायची शक्यता किती, हे गणित मी बोटावर करते. तुले अजूनही येत नाही, येते का? अन् मी तुले किती वेळा सांगतलं की कुंद्या, खऱ्या टेबलावर जिंकल्यावर पत्ते दाखवायचे नसतात. दाखवले की समोरच्याले तुही खेळायची पद्धत फुकटात कळते. दरवेळी तुहं एकच उत्तर, “हाव ना बे, माहीत आहे मले.”

मग ती गोव्याची पात्रता फेरी, कॅसिनोच्या बोटीवर. फायनलच्या सीट दोघांलेच होत्या अन् आपण तिघं उरलो होतो. माह्या हातात बादशहाची जोडी, तुह्या हातात साताची. मी सगळे चिप्स पुढं लोटले, तूही लोटले. पत्ते उघडले तेव्हा मी जिंकून राहिली होती, गणितानं तर केव्हाचीच जिंकली होती. अन् शेवटचा पत्ता आला चौकटची सत्ती. तुह्या तीन सत्त्या झाल्या अन् मी बाहेर. तू म्हणला, “सॉरी यार,” अन् मी म्हणली, “अरे वेडा आहेस का, गेम आहे.” किती मोठ्या मनाची पोट्टी! गोव्याहून परतीच्या ट्रेनमध्ये पूर्ण वेळ मी खिडकीकडे तोंड करून बसली होती, तू समजला मले झोप लागली.

फायनल लाइव्ह पाहायले मी मेसमध्ये मोबाईल पाण्याच्या भांड्याले टेकवून बसली, स्क्रीनवर सगळ्यांचे पत्ते दिसत होते. बाजूले माही रूममेट करिश्मा, तिले पोकरचं ओ की ठो कळत नाही. शेवटी दोघंच उरले, समोर हरजोत, माहा हरजोत, अन् इकडे तू. मी कोणाकडून होती हे विचारू नको. मग तो डाव आला. तुह्या हातात किलवरची नऊ अन् चौकटची चार, म्हणजे शून्य. तू तरी मोठी चाल टाकली. हरजोतनं खूप विचार केला अन् चांगली एक्क्याची जोडी टाकून देल्ली. झालं, जिंकला, चिप्स ओढ अन् गप्प बस. पण तू काय केलं? दोन्ही पत्ते उचलले अन् त्याच्या समोर उलटे केले, हसत. शेडमध्ये करतो तसंच!

कॉमेंट्रीवाला ओरडून राहिला होता, सगळ्यांची नजर हरजोतच्या लाल झालेल्या कानावर. माही तुह्यावर होती. तू जीभ चावली. एक क्षणभर. अन् मान वळवून मागं पाहिलं, जसं की केशवकाका तिथं क्रेटवर बसले आहेत. मी मोठ्यानं म्हणली, “मेला हा! सवयीनं दाखवले यानं!” करिश्मा म्हणे, “काय दाखवलं?” तिले काय सांगू. पुढच्याच डावात तुह्याजवळ खरंच बेगमची जोडी आली, मधातही एक बेगम पडली. तू तशीच मोठी चाल टाकली. हरजोत आधीच पेटलेला, त्याले वाटलं हा पोट्टा पुन्हा फसवून राहिला, त्यानं सगळं लोटलं अन् सगळं गेलं. तू चॅम्पियन. करिश्मानं मले मिठी मारली, “तुहा दोस्त जिंकला अन् तू रडून काहून राहिली?” मी म्हणली आनंदानं. थोडं खरंही होतं ते. थोडंच.

अन् मग तुहा सत्कार. मी अकोल्याहून अमरावती अन् तिथून वरूड, दोन बस बदलून आली. चौकात तुहं बॅनर, संत्र्यांचा हार, ट्रॅक्टरवरून मिरवणूक. ज्या भगवंतकाकानं, तुह्या सख्ख्या बापानं, दोन वर्षांआधी तुले ‘जुगारी’ म्हणून घराबाहेर उभं केलं होतं, ते स्वतः ट्रॅक्टर चालवून राहिले होते अन् डोळे पुसून राहिले होते. ते पाहून मात्र मले खरंच बरं वाटलं, देवाची शपथ. मग तू माईक घेतला. म्हणला, “ती पत्ते दाखवायची चाल मी आधीपासूनच ठरवून ठेवली होती. सायकॉलॉजी आहे ती.” केशवकाकानं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. त्याहिले वाटलं असन, पोरगं काहीतरी भारी शिकून आलं. त्याहिचाच कायदा होता तो, हे त्याहिले कळलंच नाही. मग तू मले गर्दीत पाहिलं. मले वाटलं आता माहं नाव घेतो. तू म्हणला, “आचल, एक फोटो काढ न आमचा.” काढला. चांगला आला, तोच सगळीकडे फिरून राहिला. माही आई तर फोटो पाहून म्हणे, “पाय, पोट्ट्यानं नाव काढलं. अन् तू बस मोबाईल घासत.” तोच मोबाईल होता ज्याच्यावर तुले पोकर शिकवला. हे सांगतलं असतं तर आई तुह्याच आईले फोन लावून बसली असती.

आता हे सगळं तुले काहून लिहून राहिली ते सांगते, कारण हे तुले काय, कोणालेच माहीत नाही. माहं पेज वाचून टूरवाल्यांचा मले मेल आला. गोव्याच्या त्या बोटीवर ते चॅम्पियन लोकांची भिंत करून राहिले आहेत. प्रत्येकाचा फोटो अन् खाली पानभर मजकूर, कायमचा. मजकूर माहा, खाली माहं नाव. सुब्बाराव, मौसुमीबाई, अरविंदन, हरजोत, चारही पास झाले. पाचवा मजकूर सोमवारी द्यायचा आहे. मी तुह्यावर दोन लिहिले. पहिल्यात तू काल फोनवर सांगतला तसा मास्टरस्ट्रोक आहे, सायकॉलॉजी आहे, अन् तो वाचून टूथपेस्टची जाहिरात वाटते. दुसऱ्यात वरूडची शेड आहे, तुरीचे दाणे, काकाचा कायदा, गंगूबाईच्या टाळ्या, अन् भर फायनलमध्ये जीभ चावणारा एक पोट्टा, जो चुकून स्वतःसारखाच खेळला अन् जिंकला. ते मी आतापर्यंत लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे, हे मले माहीत आहे. करिश्मा वाचून म्हणे, “यातला कुंदन मले जास्त आवडला.” पण ते छापलं तर माईकवर पूर्ण वरूडसमोर तू बोलला ते खोटं ठरते. अन् रात्रंदिवस माह्या डोक्यात एकच किडा फिरून राहिला आहे, की मी खरं लिहून राहिली, का साताच्या त्या पत्त्याचा बदला घेऊन राहिली. मले स्वतःवर भरोसा नाही, जळणाऱ्या माणसानं स्वतःवर ठेवूही नये. दोन्ही मजकूर सोबत पाठवते. परवानगी नाही मागून राहिली, मागतली तर तू लगेच ‘नाही’ म्हणशीन. स्पीकर बंद कर, एकटा बस, दुसरा मजकूर आधी वाच. मग मले इमानदारीनं एवढंच सांग, त्यात तुले चॅम्पियन कुंदन दिसते, का फक्त जळणारी आचल दिसते?

तुहीच, जळकी पण तुहीच,
आचल